दहा सेंटांची ठेव : आल्फोन्स देजार्दँ यांचे जीवनकार्य

आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी आज बँका, पतपेढ्या, विमा कंपन्या आणि गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या संस्था यांमध्ये नोकरी करीत आहेत. शिक्षिका, परिचारिका किंवा डॉक्टर यांच्या व्यवसायाला आपण सहजपणे सेवा म्हणतो. पैशाचे व्यवहार सांभाळणाऱ्याच्या वाट्याला मात्र हा शब्द क्वचितच येतो. पैसा म्हणजे प्रापंचिक गोष्ट. त्यात पाचारण कसले, असा समज रूढ आहे. संत मत्तय जकात नाक्यावरून उठले आणि प्रभू येशूच्या मागे गेले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे देवाचे काम करायचे तर पैशाचे मेज सोडावेच लागते, असेही काहींना वाटते.

प्रभू काहींना मेजावरून उठवतो हे खरे. परंतु काहींना तो मेजापाशी बसवतो हेही तितकेच खरे आहे. कॅनडातील क्यूबेक प्रांतात होऊन गेलेले आल्फोन्स देजार्दँ हे या दुसऱ्या प्रकारच्या पाचारणाचे उत्तम उदाहरण होय. ते बँकर नव्हते आणि अर्थशास्त्राची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ते व्रतस्थ नव्हते, धर्मगुरूही नव्हते. दहा मुलांचा हा संसारी पिता संसदेत लघुलेखकाची नोकरी करीत होता. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी गरिबांच्या कर्जाचा प्रश्न त्यांच्या कानी पडला आणि उरलेले सारे आयुष्य त्यांनी सामान्य माणसाला बचतीची व कर्जाची योग्य वाट दाखवण्यात घालवले.

गरिबीतील बालपण

आल्फोन्स यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी लेव्ही या गावी झाला. सेंट लॉरेन्स नदीच्या एका काठावर क्यूबेक शहर आणि त्याच्या समोरच्या काठावर लेव्ही, अशी या गावाची रचना आहे. जहाजबांधणी, आगगाडी आणि बंदरावरील मजुरी यांवर तेथील कुटुंबांचा चरितार्थ चाले. एकूण पंधरा भावंडांत आल्फोन्स आठवे. वडिलांची मिळकत बेताची व बेभरवशाची होती आणि त्यांना मद्याचे व्यसन होते. घर चालवण्यासाठी आईला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे काम करावे लागे. महिनाअखेरीस हातात काही उरत नाही आणि आजारपण आले की दुसऱ्यापुढे हात पसरावा लागतो, हा अनुभव त्यांना पुस्तकातून घ्यावा लागला नाही.

धर्मगुरूंनी चालवलेल्या लेव्ही कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. परंतु वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, पूर्ण अभ्यासक्रम संपण्यापूर्वीच, त्यांना कॉलेज सोडावे लागले. काही काळ सैनिकी सेवा केल्यानंतर १८७२ साली ते पत्रकारितेकडे वळले. प्रथम लेव्ही येथील आणि नंतर क्यूबेक शहरातील वृत्तपत्रात त्यांनी काम केले. २ सप्टेंबर १८७९ रोजी दोरिमेन या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे आल्फोन्स यांच्या कार्याचा अर्धा भार याच दोरिमेनबाईंनी उचलला.

त्याच वर्षी क्यूबेकच्या विधिमंडळातील चर्चांचे वृत्तान्त प्रसिद्ध करण्याचे काम त्यांना मिळाले. दहा वर्षे त्यांनी ते निष्ठेने केले. नंतर त्या कामाचे अनुदान बंद झाले. १८९१ साली त्यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले. ते अवघे तीन महिने चालले. पस्तिशी ओलांडलेला, मुलाबाळांचा धनी असलेला हा माणूस पुन्हा नोकरीच्या शोधात होता. अखेर एप्रिल १८९२ मध्ये ओटावा येथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, फ्रेंच लघुलेखक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अधिवेशन सुरू असेपर्यंत ओटावात राहायचे, अधिवेशन संपले की लेव्हीला घरी परतायचे, असा क्रम सुरू झाला. ही नोकरी त्यांनी १९१७ सालापर्यंत केली.

कानावर आलेली हाक

लघुलेखकाचे काम म्हणजे दुसऱ्याचे बोलणे ऐकणे आणि ते जसेच्या तसे उतरवून घेणे. त्यात स्वतःचे मत मांडायला वाव नसतो. ६ एप्रिल १८९७ रोजी आल्फोन्स नेहमीप्रमाणे आपल्या जागी बसले होते. मॉन्ट्रियलचे खासदार मायकल क्विन सभागृहात सावकारी व्याजाविरुद्ध बोलत होते. त्यांनी एक उदाहरण दिले : मॉन्ट्रियलमधील एका माणसाने १५० डॉलर कर्ज घेतले होते आणि त्या कर्जापोटी त्याच्यावर ५,००० डॉलर व्याज भरण्याची पाळी आली होती.

सभागृहातील अनेकांनी हे ऐकले असेल आणि त्या दिवसाचे कामकाज संपताच ते विसरूनही गेले असतील. आल्फोन्स यांना मात्र ते विसरता आले नाही. व्याजाचा दर कायद्याने बांधून दिला म्हणजे प्रश्न सुटेल का, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. गरजू माणूस सावकाराकडे हौसेने जात नाही. दुसरे दार उघडे नसते म्हणून तो तेथे जातो. बँका शहरांत होत्या आणि त्यांचे लक्ष व्यापारी व कारखानदार यांच्याकडे होते. शेतकऱ्याला बियाण्यासाठी, मजुराला आजारपणासाठी किंवा विधवेला मुलाच्या शिक्षणासाठी लागणारी लहानशी रक्कम देण्यात बँकांना स्वारस्य नव्हते. जे थोडेफार पैसे गावात साठत, तेही शहरातील बँकेत जाऊन दुसऱ्यांच्या उपयोगी पडत. मग केवळ सावकाराला शिक्षा करून काय साधणार? दुसरे दार उघडायला हवे होते.

आपल्याकडील वाचकांना ही परिस्थिती अनोळखी वाटणार नाही. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जखतांविरुद्ध उठाव केला होता आणि ते लोण दख्खनच्या इतर गावांतही पोहोचले होते. क्यूबेकमधील गरीब माणसाने उठाव केला नाही. त्याने गाव सोडले. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनेडियन माणसे पोटासाठी अमेरिकेत गेली. त्यांतील बरीचशी न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत राबू लागली. गावातील तरुण गावातच राहावा, त्याला शेत व घर उभे करता यावे, ही तळमळ आल्फोन्स यांच्या कार्यामागे अखेरपर्यंत होती.

तीन वर्षांचा अभ्यास

चांगला हेतू असला म्हणजे सारे काही साधते, असे मानण्याची चूक आल्फोन्स यांनी केली नाही. दुसऱ्याचा पैसा हाताळायचा असेल तर हेतूइतकेच ज्ञानही लागते, हे ते जाणून होते. संसदेच्या ग्रंथालयात त्यांना हेन्री वुल्फ या लेखकाचा लोकांच्या बँकांविषयीचा ग्रंथ मिळाला. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात युरोपातील सहकारी पतसंस्थांची सविस्तर माहिती होती. १८९८ साली आल्फोन्स यांनी वुल्फ यांना पत्र लिहिले. वुल्फ यांनी उत्तर तर दिलेच, शिवाय इटली, फ्रान्स, बेल्जियम येथील सहकारी कार्यकर्त्यांचे पत्तेही कळवले. पुढील तीन वर्षे लेव्ही आणि युरोप यांच्यामध्ये पत्रांची ये-जा सुरू राहिली.

जर्मनीत फ्रीडरिक राइफायझेन यांनी खेड्यातील शेतकऱ्यांसाठी पतसंस्था उभारल्या होत्या. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांचा भार वाहावा हे त्यांचे सूत्र. परंतु संस्थेचे कर्ज बुडाल्यास प्रत्येक सभासदाची सारी मालमत्ता त्यात गुंतलेली असे. त्याच देशात शुल्त्झे-डेलिच यांनी कारागीर व दुकानदार यांच्यासाठी भागभांडवलावर आधारित बँका काढल्या. इटलीत लुइजी लुझ्झाती यांनी सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती मर्यादित ठेवली. आल्फोन्स यांनी यांपैकी एकही नमुना जसाच्या तसा उचलला नाही. राइफायझेन यांच्याकडून त्यांनी लहान क्षेत्राची व परस्पर ओळखीची कल्पना घेतली, लुझ्झाती यांच्याकडून मर्यादित जबाबदारी घेतली आणि आपल्या प्रांताला मानवेल असे लहान क्षेत्र म्हणून धर्मग्रामाची निवड केली.

धर्मग्रामाची ही निवड केवळ भाविकतेपोटी झालेली नव्हती. त्या काळच्या क्यूबेकमध्ये रविवारच्या मिस्साबलिदानाला सारा गाव एकत्र येई. कोण कष्टाळू आहे, कोण शब्दाला जागतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण पैसे दारूत उडवतो, हे शेजाऱ्यांना ठाऊक असे. ज्याच्याकडे तारण ठेवण्यासारखे काहीच नाही, त्याची सचोटी हेच त्याचे तारण आणि ती सचोटी शेजाऱ्यांइतकी कोणालाही पारखता येत नाही, हा आल्फोन्स यांचा विचार होता. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या रेरुम नोव्हारुम या परिपत्रकाने कामगारांच्या प्रश्नाकडे साऱ्या ख्रिस्तसभेचे लक्ष वेधले होते. त्यातून स्फूर्ती घेऊन सामाजिक प्रश्नांचा अभ्यास करणारी मंडळे स्थापन होत होती. मॉन्ट्रियलच्या अशाच एका अभ्यासमंडळाचे आल्फोन्स सदस्य होते.

पहिली पतपेढी

६ डिसेंबर १९०० रोजी लेव्ही येथे सभा भरली आणि पहिल्या लोकपतपेढीची स्थापना झाली. फ्रेंच भाषेत तिला कॅस पोप्युलेर असे नाव मिळाले. कॅस म्हणजे पैशाची पेटी, पोप्युलेर म्हणजे लोकांची. २३ जानेवारी १९०१ रोजी पहिल्यांदा पैसे स्वीकारण्यात आले. पहिली रक्कम होती दहा सेंट. दिवसअखेर पेटीत एकूण २६ डॉलर ४० सेंट जमले होते.

मोठ्या बँकेच्या दृष्टीने ही रक्कम हास्यास्पद होती. आल्फोन्स यांच्या दृष्टीने त्या दहा सेंटांतच सारे काही होते. संस्थेचा एक भाग पाच डॉलरचा होता. परंतु तो आठवड्याला दहा सेंट भरून पूर्ण करण्याची मुभा होती. ज्याला पाच डॉलर एकदम देता येत नाहीत, त्याला दूर ठेवायचे नाही, उलट त्याला बचतीची सवय लावायची, हा त्यामागचा हेतू होता. कर्ज हे दुखण्यावरचे औषध आहे. बचत हे आरोग्य आहे, अशा दृष्टीने ते पाहत. म्हणून आधी बचत आणि मग कर्ज हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही.

संस्थेचे नियम साधे होते, पण फार विचाराने केलेले होते. ज्याचे भाग जास्त त्याची मते जास्त, असा प्रकार नव्हता. प्रत्येक सभासदाला एकच मत. कर्ज कशासाठी हवे हे अर्जदाराने सांगितलेच पाहिजे. एकाच वेळी मोठे व लहान कर्ज मागणारे आले तर लहान कर्जाला प्राधान्य. कारभारासाठी एक मंडळ, कर्जाचे अर्ज तपासण्यासाठी दुसरी समिती आणि हिशेबावर नजर ठेवण्यासाठी तिसरे देखरेख मंडळ. कर्ज मंजूर करणाऱ्यांनी व हिशेब तपासणाऱ्यांनी स्वतः कर्ज घ्यायचे नाही. पतपेढ्यांच्या कारभारात पुढे कोठे कोठे भगदाड पडू शकते, हे जणू त्यांनी आधीच ओळखले होते.

कर्जाचा हेतू विचारण्याच्या नियमाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. सावकार कधी हेतू विचारत नाही. त्याला फक्त परतफेडीशी कर्तव्य असते. हेतू विचारणे म्हणजे अर्जदाराच्या संसारात डोकावणे नव्हे. हे कर्ज तुला वर काढील की आणखी खाली ओढील, याचा त्याच्याबरोबर बसून केलेला तो विचार असतो. गाय घेण्यासाठी, हत्यारे घेण्यासाठी, सावकाराचे जुने देणे फेडण्यासाठी पैसे द्यावेत. चैनीसाठी किंवा दिखाव्यासाठी मात्र देऊ नयेत, असे धोरण होते. अर्जदाराला दिलेला नकार हाही कधी कधी त्याच्या हिताचा सल्ला असतो.

दोरिमेनबाईंची साथ

ही पतपेढी पुढे देजार्दँ यांच्या घरातूनच चालू लागली. आल्फोन्स अधिवेशनासाठी ओटावाला गेले की कारभार कोणी पाहायचा, हा प्रश्न होता. १९०३ ते १९०६ या काळात ही जबाबदारी दोरिमेनबाईंनी सांभाळली. स्वयंपाकपाणी, मुलांची देखभाल आणि त्याच घरात ठेवी स्वीकारणे, हप्ते नोंदवणे, खातेवह्या लिहिणे अशी त्यांची दिनचर्या होती. ओटावाहून येणाऱ्या पत्रांतून पतीच्या सूचना येत आणि लेव्हीहून जाणाऱ्या पत्रांतून हिशेबाचा तपशील जाई. या साऱ्या कामाबद्दल पती-पत्नींनी वेतन घेतले नाही. कायद्याने विवाहित स्त्रीला आर्थिक व्यवहारात फारसे स्थान नव्हते, अशा काळात एका गृहिणीने गावाच्या विश्वासाची पेटी सांभाळली, ही गोष्ट साधी नव्हे.

तथापि, या दिवसांत त्या घरावर एक मोठे सावट होते. पतपेढीला कायद्याची मान्यता नव्हती. कायद्याच्या दृष्टीने ती संस्थाच नव्हती. उद्या काही तोटा झाला किंवा कोणी फिर्याद केली तर जबाबदारी आल्फोन्स यांच्यावर व्यक्तिशः येणार होती. त्यांच्याकडे लघुलेखकाचा पगार आणि राहते घर यांखेरीज काही नव्हते. ठेवी तर दर महिन्याला वाढत होत्या. आपल्याला काही झाले तर हा भार पत्नी व मुलांवर पडेल, ही काळजी आल्फोन्स यांना आतून खाऊ लागली. दोरिमेनबाईंनाही तीच चिंता होती. संस्था मोडून ठेवी परत कराव्यात आणि मोकळे व्हावे, असा मोह अशा वेळी कोणालाही झाला असता.

ते मागे हटले नाहीत. क्यूबेकचे आर्चबिशप लुई-नाझेर बेजँ यांचा त्यांना पाठिंबा होता आणि लेव्ही कॉलेजातील धर्मगुरूही त्यांच्या बाजूने उभे होते. तरीही संकट आले असते तर ते देजार्दँ कुटुंबावरच कोसळले असते. दुसऱ्याच्या पैशाला सल्ला देणाऱ्याने स्वतः काही पणाला लावलेले नसते, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. येथे सल्ला देणाऱ्याने आपल्या मुलांच्या डोक्यावरचे छप्पर पणाला लावले होते.

कायद्यासाठी झुंज

संस्थेला कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून आल्फोन्स यांनी प्रांतिक व केंद्रीय अशा दोन्ही सरकारांचे दरवाजे ठोठावले. अखेर मार्च १९०६ मध्ये, पंतप्रधान लोमे गुअँ यांच्या कारकिर्दीत, क्यूबेकच्या विधिमंडळाने सहकारी संस्थांचा कायदा संमत केला. देजार्दँ दांपत्याच्या मनावरचे ओझे त्या दिवशी उतरले.

संपूर्ण कॅनडाला लागू होईल असा कायदा व्हावा यासाठी त्यांनी पुढेही प्रयत्न केले. ज्या सभागृहात ते इतरांची भाषणे लिहून घेत, त्याच सभागृहाच्या समितीपुढे त्यांनी स्वतः साक्ष दिली. त्यावेळचे गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे हे सहकाराचे पुरस्कर्ते होते. दुसऱ्या बाजूला किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने विधेयकाला कडाडून विरोध केला. १९०८ साली कनिष्ठ सभागृहाने संमत केलेले विधेयक सिनेटमध्ये अवघ्या एका मताने फेटाळले गेले. निराशा मोठी होती. परंतु आल्फोन्स यांनी त्यात वेळ दवडला नाही. जो कायदा हाती होता त्याच्या बळावर ते गावोगावी निघाले.

धर्मग्रामागून धर्मग्राम

एखाद्या धर्मग्रामाचे धर्मगुरू बोलावणे पाठवीत. आल्फोन्स सवड काढून तेथे जात, लोकांसमोर व्याख्यान देत, शंकांना उत्तरे देत, मंडळ निवडून देण्यास मदत करीत आणि नव्या व्यवस्थापकाला खातेवही कशी लिहावी हे शिकवीत. परतल्यावर पत्रव्यवहार सुरू राही. हिशेबात घोळ झाला, एखाद्या कर्जदाराने हप्ता थकवला, मंडळात मतभेद झाले की लेव्हीला पत्र येई आणि आल्फोन्स त्याला उत्तर देत. लेव्ही कॉलेजातील फादर फिलिबेर ग्रोंदँ यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात पतपेढ्यांची एक पुस्तिका लिहिली. धर्मशिक्षणाच्या पुस्तकाप्रमाणे रचलेल्या या पुस्तिकेमुळे शेतकऱ्यांच्या घरांतही ही कल्पना पोहोचली. शाळकरी मुलांनी नाणे नाणे साठवावे यासाठीही खास योजना आखल्या गेल्या.

१९०८ साली ही चळवळ सीमेपलीकडे गेली. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात मँचेस्टर येथे गिरणी कामगारांचा सेंट मेरी धर्मग्राम होता. तेथील धर्मगुरू मोन्सेनियर पिएर एव्हे यांच्या निमंत्रणावरून आल्फोन्स तेथे गेले आणि अमेरिकेतील पहिली क्रेडिट युनियन त्यांच्या मदतीने उभी राहिली. मॅसॅच्युसेट्स राज्याचे बँक आयुक्त पिअर जे यांनीही त्यांचा सल्ला घेतला आणि १९०९ साली त्या राज्याने क्रेडिट युनियनचा कायदा केला. या कामात बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांचा मोठा वाटा होता. फायलीन यांनी १९०७ साली आपल्या देशाचा प्रवास केला होता आणि बंगालमधील खेड्यांत सहकारी पतसंस्था पाहून ते प्रभावित झाले होते.

अशा रीतीने या कथेचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली, म्हणजे क्यूबेकच्या कायद्यापूर्वी दोन वर्षे झाला. आल्फोन्स यांना ज्यांनी वाट दाखवली त्या हेन्री वुल्फ यांनी पुढे हिंदुस्थानातील सहकारावरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वसईच्या कॅथॉलिक समाजाने १९१८ साली स्थापन केलेली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक आपल्या वाचकांच्या परिचयाची आहेच. सेंट लॉरेन्स नदीकाठचे शेतकरी आणि वसईचे शेतकरी एकमेकांना ओळखत नव्हते. तरी आपल्या लोकांचा पैसा आपल्या लोकांच्या अडचणीला उपयोगी पडावा, हा विचार दोन्हीकडे जवळजवळ एकाच काळात रुजला.

अखेरचा काळ

आल्फोन्स यांनी क्यूबेक, ऑन्टारिओ आणि अमेरिका येथे मिळून दीडशेहून अधिक पतपेढ्यांच्या स्थापनेत स्वतः भाग घेतला. १९१३ साली पोप दहावे पायस यांनी त्यांना संत ग्रेगरी द ग्रेट यांच्या नावाचा सन्मान बहाल केला. परंतु याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळू लागली. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना हळूहळू घरात बसवले. प्रवास थांबला, पत्रे थांबली नाहीत. विखुरलेल्या पतपेढ्या एका संघात बांधल्या जाव्यात, त्यांच्या हिशेबाची नियमित तपासणी व्हावी आणि एका पतपेढीची शिल्लक दुसरीच्या उपयोगी पडावी, ही त्यांची शेवटची तळमळ होती. प्रत्येक पतपेढीला आपले स्वातंत्र्य प्रिय होते, त्यामुळे ही कल्पना त्यांच्या हयातीत पूर्ण होऊ शकली नाही.

३१ ऑक्टोबर १९२० रोजी, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी, लेव्ही येथे त्यांनी प्रभूचा निरोप घेतला. त्यांचे वय पासष्ट वर्षे होते. त्यांच्या पश्चात दोरिमेनबाई १९३२ सालापर्यंत हयात होत्या. चळवळीच्या मूळ विचाराशी कोणी तडजोड करू लागला तर तिचा कौल घ्यायला मंडळी त्यांच्याकडेच येत. १९२० नंतर प्रादेशिक संघ स्थापन होत गेले आणि १९३२ साली ते एका प्रांतिक महासंघात एकत्र आले. दहा सेंटांपासून सुरू झालेला हा समूह आज उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी सहकारी वित्तसंस्था म्हणून ओळखला जातो. लेव्ही येथील देजार्दँ यांचे घर स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे.

आपल्यासाठी बोध

संस्था किती मोठी झाली यावरून आल्फोन्स देजार्दँ यांचे मोठेपण मोजणे त्यांनाच आवडले नसते. त्यांच्या जीवनातून घेण्यासारखे आहे ते वेगळे आहे. त्यांना आपल्या कार्याचा शोध नोकरी सोडून लागला नाही. नोकरी करीत असताना, कान उघडे ठेवल्यामुळे लागला. पोटापाण्याचे काम आणि जीवनाचे कार्य यांत त्यांनी भिंत उभी केली नाही. पंचवीस वर्षे त्यांनी संसदेत लेखणी चालवली आणि त्याच पगारावर संसार करून गरिबांची पेटी सांभाळली.

बँकेच्या खिडकीत बसणाऱ्या, विमा विकणाऱ्या, गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या किंवा पतपेढीच्या मंडळावर निवडून आलेल्या आपल्या बंधुभगिनींसमोर आज वेगळ्या अडचणी आहेत. वरिष्ठांनी दिलेले उद्दिष्ट असते, दलालीचे आमिष असते. समोर बसलेला माणूस मात्र पूर्वीचाच असतो. मुलीच्या लग्नासाठी ऐपतीबाहेरचे कर्ज मागणारा बाप असतो, निवृत्तीची सारी पुंजी घेऊन आलेली शिक्षिका असते, पतीच्या निधनानंतर कागदपत्रे उलगडता न येणारी विधवा असते. तिच्यासमोर कोणता कागद सरकवायचा, हे ठरवण्याचा क्षण लहान असतो. विकले गेलेले पत्रक तिच्या हिताचे की आपल्या हिताचे, हे त्या क्षणी फक्त सल्लागाराला आणि देवाला ठाऊक असते.

त्या क्षणी कर्जाचा हेतू विचारणारा, नको तेथे नकार देणारा, लहान रक्कम घेऊन आलेल्याला आधी बसायला सांगणारा आणि हिशेब दुसऱ्याच्या नजरेखाली ठेवणारा सल्लागार हा आपल्या मेजापाशी बसूनच प्रभूची सेवा करीत असतो. धर्मग्रामांतील पतपेढ्यांच्या वार्षिक सभांना आपण किती जण उपस्थित राहतो, अहवाल किती जण वाचतो, आपल्या मुलांना बचतीची सवय किती घरांत लावली जाते, याचाही विचार व्हायला हवा. पतपेढी चांगल्या व्यवस्थापकावर जितकी चालते, तितकीच ती जागरूक सभासदांवर चालते, हे आल्फोन्स यांनी प्रत्येक गावात सांगितले.

पैशाचे काम करणाऱ्या आपल्या सर्व तरुणांना त्यांच्या मेजापाशीच पाचारणाची जाणीव होवो आणि त्यांच्याकडे विश्वासाने येणारा प्रत्येक गरजू माणूस अधिक निश्चिंत होऊन घरी परतो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.